सर्वांना गाता यावे म्हणून : संगीतकार वसंत देसाई

काही गाणी इतकी आपली होऊन जातात की ती कोणी तरी बसून बांधली असतील, असे मनातही येत नाही. शाळेच्या मैदानावर हात जोडून, डोळे मिटून म्हटलेली 'ऐ मालिक तेरे बंदे हम' ही प्रार्थना अशीच आहे. 'हमको मन की शक्ति देना' हीसुद्धा तशीच. ती म्हणताना शेजारी उभा असलेला मुलगा कोणत्या धर्माचा आहे, हे पाहण्याची कोणाला कधी गरज भासली नाही. या दोन्ही प्रार्थनांना चाल देणारा माणूस एकच होता, आणि तो आपला मराठी माणूस होता, हे मात्र आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. म्हणून या रविवारी आम्ही संगीतकार वसंत देसाई यांची ओळख करून देत आहोत. त्यांचे नाव पुसट झाले असले, तरी त्यांचे सूर रोज सकाळी हजारो मुलांच्या ओठांवर असतात.

कोकणातून कोल्हापूरला

वसंतरावांचा जन्म ९ जून १९१२ रोजी कुडाळजवळच्या सोनवडे या गावी झाला. हा भाग त्या वेळी सावंतवाडी संस्थानात होता. आज तो सिंधुदुर्ग जिल्ह्यात येतो. दशावतार, भजन आणि कीर्तन यांची ही भूमी. तिथे गाणे हे विकत घेऊन ऐकण्याची गोष्ट नव्हती. देवळात बुवा एक ओळ म्हणत आणि सारा गाव ती उचलून धरी. पुढे वसंतरावांच्या संगीतात समूहाच्या आवाजाला जे मानाचे स्थान मिळाले, त्याचे मूळ आम्हाला या मातीत दिसते.

त्यांच्या जन्मानंतर वर्षभरातच, मे १९१३ मध्ये, आपल्या त्र्यंबकेश्वरच्या दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' मुंबईत झळकला आणि भारतीय चित्रपटाची सुरुवात झाली. फाळक्यांनी पुढे आपले काम नाशिकला आणले. तो मूकपटांचा काळ होता. वसंतराव तरुण झाले तेव्हा पडद्याला वाचा फुटण्याची वेळ आली होती.

१ जून १९२९ रोजी कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी सुरू झाली. सतरा-अठरा वर्षांचे वसंतराव तिथे दाखल झाले. मोठा संगीतकार होण्याचा परवाना हाती घेऊन ते आले नव्हते. पडेल ते काम करायचे, मोठ्यांचे पाहायचे आणि शिकायचे, अशी ती उमेदवारी होती. त्यांनी पडद्यावर छोट्या भूमिका केल्या, गाणीही म्हटली. १९३२ साली प्रभातने 'अयोध्येचा राजा' हा मराठी बोलपट काढला. फाळक्यांनी मुकेपणाने सांगितलेली हरिश्चंद्राचीच कथा आता बोलू-गाऊ लागली. त्या चित्रपटाचे संगीत गोविंदराव टेंबे यांचे होते.

तेव्हाची रीत आजच्यापेक्षा फार वेगळी होती. गाणे आधी ध्वनिमुद्रित करून नंतर ओठ हलवण्याची सोय नव्हती. नट कॅमेऱ्यासमोर प्रत्यक्ष गात असे आणि वादक कॅमेऱ्यात दिसणार नाहीत अशा जागी बसून साथ करीत. एकाचा सूर हलला की सगळ्यांना पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागे. अशा कामात शिस्त आपोआप अंगी बाणते. टेंबे यांच्यानंतर केशवराव भोळे आणि मास्टर कृष्णराव असे एकाहून एक जाणते संगीतकार प्रभातमध्ये आले. टेंबे आणि कृष्णराव यांनी नाट्यसंगीताची व रागदारीची श्रीमंती आणली. भोळे यांनी शब्द आणि भाव नेमका पोचवणारे आटोपशीर गाणे आणले. वसंतराव या सर्वांच्या हाताखाली वावरले. १९३३ साली प्रभात पुण्याला गेली, तिच्याबरोबर तेही गेले. असे सुमारे एक तप त्यांनी सहायक म्हणून काढले. आजच्या घाईच्या काळात बारा वर्षे दुसऱ्याच्या मागे उभे राहणे ही कल्पनाही आपल्याला झेपणार नाही. पण पुढची तीस वर्षे त्यांना पुरली ती ही शिदोरी.

राजकमलचे दिवस

१९४२ साली व्ही. शांताराम प्रभातमधून बाहेर पडले आणि त्यांनी मुंबईत परळला राजकमल कलामंदिर ही संस्था उभारली. वसंतरावही त्यांच्याबरोबर गेले. संस्थेचा पहिला चित्रपट 'शकुंतला' १९४३ साली आला. संगीत वसंतरावांचे होते. मुंबईच्या स्वस्तिक चित्रपटगृहात तो १०४ आठवडे चालला. बारा वर्षे मागच्या रांगेत बसलेल्या माणसाचे नाव आता पुढे आले.

त्यानंतर एकामागून एक चित्रपट आले आणि प्रत्येकाची मागणी वेगळी होती. 'डॉ. कोटणीस की अमर कहानी' (१९४६) ही चीनमध्ये रुग्णसेवा करताना प्राण ठेवणाऱ्या सोलापूरच्या डॉक्टर द्वारकानाथ कोटणीसांची कथा. 'लोकशाहीर रामजोशी' (१९४७) मध्ये लावणी आणि फड होता. 'अमर भूपाळी' (१९५१) हा होनाजी बाळा यांच्या जीवनावरचा चित्रपट. त्यातली पंडितराव नगरकर आणि लता मंगेशकर यांनी गायिलेली भूपाळी आजही पहाटे रेडिओवर लागली की हातातले काम क्षणभर थांबते. 'झनक झनक पायल बाजे' (१९५५) हा नृत्यावरचा रंगीत चित्रपट. त्याचे शीर्षकगीत गाण्यासाठी वसंतरावांनी उस्ताद अमीर खाँ यांच्यासारख्या ख्यालगायकाला माइकसमोर उभे केले. याच चित्रपटाच्या पार्श्वसंगीतात तरुण शिवकुमार शर्मा यांचे संतूर वाजले. काश्मीरचे ते वाद्य तोवर चित्रपटसृष्टीला अनोळखीच होते.

मैफलीचे संगीत आणि चित्रपटाचे संगीत यांत तेव्हा मोठी दरी मानली जाई. मैफलीत एक राग तास-दीड तास फुलवता येतो. चित्रपटात तीन-चार मिनिटांत सारे आटोपायचे असते, आणि पाहणाऱ्याचे लक्ष कथेवरून हलूही द्यायचे नसते. वसंतरावांनी बुजुर्ग कलावंतांना या तीन मिनिटांत आणले आणि त्यांचा आब कमी होऊ दिला नाही. विजय भट्ट यांच्या 'गूंज उठी शहनाई' (१९५९) मध्ये तर नायकाची सनई वाजवायला साक्षात उस्ताद बिस्मिल्ला खाँ होते, अब्दुल हलीम जाफर खाँ यांची सतार होती आणि अमीर खाँ यांचे गाणेही होते. ज्या श्रोत्याने जन्मात मैफलीचे तिकीट काढले नव्हते, त्याला चार-आठ आण्यांच्या जागेवर बसून हे ऐकायला मिळाले.

नाशिकच्या तुरुंगातून आलेली आई

आम्हा नाशिककरांना विशेष जवळचा वाटावा असा वसंतरावांचा एक चित्रपट आहे. साने गुरुजी नाशिकच्या तुरुंगात होते तेव्हा, फेब्रुवारी १९३३ मध्ये, त्यांनी अवघ्या पाच दिवसांत 'श्यामची आई' लिहिली. ज्या शहरात आपण राहतो त्याच शहरातल्या एका बराकीत मराठीतले ते आईचे स्तोत्र लिहिले गेले. गुरुजी ११ जून १९५० रोजी गेले. त्यानंतर आचार्य अत्रे यांनी त्या पुस्तकावर चित्रपट काढला. तो १९५३ साली आला आणि राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळवणारा पहिला भारतीय चित्रपट ठरला. त्याचे संगीत वसंत देसाई यांचे आहे.

उस्तादांना घेऊन मोठमोठ्या रचना करणाऱ्या या संगीतकाराने इथे काय केले, हे पाहण्यासारखे आहे. कोकणातले गरीब घर, आई आणि मुलगा, एवढाच पसारा. त्यांनी चाली अगदी साध्या ठेवल्या. अत्रे यांनी लिहिलेले आणि आशा भोसले यांनी गायिलेले द्रौपदीच्या पीतांबराचे गाणे आठवून पाहा. श्रीकृष्णाचे बोट कापते. सख्ख्या बहिणीला भारी वस्त्र फाडवत नाही, ती चिंधी शोधत बसते. मानलेली बहीण द्रौपदी अंगावरचा भरजरी पीतांबर फाडून पट्टी देते. जात्यावर दळताना बायका गोष्ट सांगत गातात, तशी ही चाल आहे. ती ऐकताना गाणे ऐकतो आहोत असे वाटत नाही, कोणी तरी मायेने गोष्ट सांगते आहे असे वाटते. ज्यांना तानपलटे येतात त्यांनी ते बाजूला ठेवणे सोपे नसते. ऐपत असून साधे राहणे हा गुण जसा माणसात दुर्मीळ, तसाच संगीतातही दुर्मीळ.

सहा कैदी आणि एक प्रार्थना

यानंतर आला १९५७ सालचा 'दो आँखें बारह हाथ'. औंध संस्थानात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर येथे कैद्यांची खुली वसाहत सुरू झाली होती, त्या प्रयोगावरून ही कथा सुचली. एक तुरुंगाधिकारी खुनाची शिक्षा भोगणाऱ्या सहा कैद्यांना घेऊन एका ओसाड जागी जातो. तिथे बेड्या नाहीत, भिंती नाहीत. तो त्यांच्यावर विश्वास टाकतो आणि त्यांना शेती करायला लावतो. विश्वासाने माणूस बदलतो का, हा चित्रपटाचा प्रश्न आहे. सहा जणांचे बारा हात आणि त्यांच्यावर लक्ष ठेवणारे दोन डोळे, हा नावाचा अर्थ.

या चित्रपटासाठी भरत व्यास यांनी लिहिलेल्या प्रार्थनेला वसंतरावांनी भैरवीचे सूर दिले. लता मंगेशकर आणि समूह यांनी ती गायिली. प्रार्थना कोणासाठी आहे हे त्यांनी नीट ध्यानात घेतले. ही देवळातल्या पुजाऱ्याची किंवा दरबारातल्या गवयाची प्रार्थना नव्हती. ज्यांच्या हातून घोर पाप घडले आहे, ज्यांना गाण्याचा गंधही नाही, अशा माणसांनी ती म्हणायची होती. म्हणून तिच्यात ताना नाहीत, दमछाक करणाऱ्या लांब ओळी नाहीत. सूर शेजारच्या सुराला धरून चालतो. ओळ संपली की श्वास घ्यायला जागा मिळते. शब्द कुठेही ताणून मोडलेला नाही. एक आवाज पुढे होतो आणि मग बाकीचे त्याच्या आधाराने येतात. आजारी माणूस, लहान मूल, बेसूर गळा, सगळ्यांना ती पेलते. पापाची कबुली, चुकल्यावर वाट दाखवण्याची विनवणी आणि वाईट करणाऱ्याचेही भले चिंतण्याचे बळ, एवढे सारे या चालीने कैद्यांच्या तोंडी दिले, आणि तिथून ते आपल्या मुलांच्या तोंडी आले.

या चित्रपटाला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले. १९५८ साली बर्लिनच्या आंतरराष्ट्रीय महोत्सवात त्याला रौप्य अस्वल हा सन्मान मिळाला. तिथेच आंतरराष्ट्रीय कॅथोलिक चित्रपट संघटनेनेही त्याला आपला पुरस्कार दिला. पापी माणूसही परत उभा राहू शकतो, ही गोष्ट त्या परीक्षकांना परकी वाटली नसणार. उधळ्या पुत्राच्या दाखल्यावर वाढलेल्या आपल्यालाही ती परकी वाटत नाही.

पडद्याबाहेरची मोठी सभागृहे

या यशानंतर वसंतराव आणि शांताराम यांच्या वाटा काही काळ वेगळ्या झाल्या. शांताराम यांच्या 'नवरंग' (१९५९) चे संगीत सी. रामचंद्र यांनी दिले. ज्या माणसाच्या छायेत आयुष्याची पंचवीस-तीस वर्षे गेली, त्याच्यापासून दूर होऊन नव्याने मांडामांड करायची, तीही पंचेचाळिशी ओलांडल्यावर. वसंतराव खचले नाहीत. त्यांच्या कामाचा पसारा उलट वाढला. विद्याधर गोखले यांच्या 'पंडितराज जगन्नाथ' (१९६०) या संगीत नाटकाला त्यांनी चाली दिल्या. बोलपटांमुळे संगीत रंगभूमी ओस पडली होती. बोलपटांत घडलेल्या संगीतकाराने तिला पुन्हा उभे राहायला हात दिला. बाळ कोल्हटकर यांच्या 'देव दीनाघरी धावला' या नाटकासाठी त्यांनी कुमार गंधर्व आणि वाणी जयराम यांच्याकडून जे ऋणानुबंधाचे गाणे गाऊन घेतले, ते मराठी माणूस अजून विसरलेला नाही.

चित्रपटही चालूच होते. सुनील दत्त यांच्या 'यादें' (१९६४) मध्ये पडद्यावर एकच नट वावरतो. बाकीची माणसे नुसत्या आवाजांतून भेटतात. अशा वेळी रिकाम्या घरातला एकटेपणा प्रेक्षकापर्यंत पोचवण्याचा मोठा भार पार्श्वसंगीतावर येतो. गुलजार यांच्या 'अचानक' (१९७३) मध्ये तर एकही गाणे नाही. गाण्यांसाठी ओळखला जाणारा संगीतकार गाण्याशिवायचा चित्रपटही तितक्याच मनापासून करीत होता.

१९६६ साली एक वेगळेच काम त्यांच्याकडे आले. त्या वर्षी २३ ऑक्टोबर रोजी न्यूयॉर्क येथे संयुक्त राष्ट्रसंघाच्या महासभेच्या सभागृहात एम. एस. सुब्बुलक्ष्मी यांचे गायन व्हायचे होते. त्यासाठी कांची कामकोटी पीठाचे शंकराचार्य चंद्रशेखरेंद्र सरस्वती यांनी 'मैत्रीं भजत' हे संस्कृत गीत रचले. सर्वांशी मैत्री धरा, दुसऱ्याकडे स्वतःसारखेच पाहा, युद्ध सोडा, असा त्याचा आशय आहे. त्याला चाल दिली वसंत देसाई यांनी. त्याच कार्यक्रमात राजाजींनी लिहिलेले एक इंग्रजी गीतही सुब्बुलक्ष्मी यांनी गायिले. त्याची चाल मद्रासचे ख्रिस्ती संगीतकार हँडेल मॅन्युएल यांची होती. शंकराचार्यांचे शब्द, कोकणच्या माणसाची चाल, दक्षिणेची गायिका, शेजारी ख्रिस्ती संगीतकाराची रचना, आणि ऐकायला जगभरच्या देशांचे प्रतिनिधी! सोनवड्याच्या भजनाच्या सुरांत वाढलेला मुलगा जगातल्या सर्वांत मोठ्या सभागृहापर्यंत असा पोचला. तिथेही त्याने आपली रीत बदलली नाही. ती चाल आजही अनेक शाळांत मुले एकसुरात म्हणतात.

मुलांसाठी तर त्यांच्याकडे कधीच काही कमी नव्हते. 'आशीर्वाद' (१९६८) मध्ये त्यांनी अशोककुमार यांच्याकडून आगगाडीचे गाणे म्हणून घेतले. चाकांचा ताल आणि स्टेशनांची नावे यांतून ते गाणे धावत सुटते. १९७१ साली हृषीकेश मुखर्जी यांचा 'गुड्डी' आला. वाणी जयराम या गायिकेला वसंतरावांनी हिंदी चित्रपटात प्रथम इथेच संधी दिली. त्यांच्याकडून एकीकडे मल्हाराच्या अंगाचे पावसाचे गाणे गाऊन घेतले आणि दुसरीकडे शाळेच्या प्रार्थनेचे. गुलजार यांनी लिहिलेली ती प्रार्थना केदार रागावर आधारलेली आहे, हे म्हणणाऱ्या मुलांना माहीत नसते आणि माहीत असण्याची गरजही नाही. एक अवघड राग त्यांच्या नकळत त्यांच्या गळ्यात उतरतो, एवढे पुरे आहे.

शेवटचा दिवस

२२ डिसेंबर १९७५. नाताळ तीन दिवसांवर आला होता. त्या सोमवारी दिवसभराचे ध्वनिमुद्रण आटोपून वसंतराव मुंबईत आपल्या घरी परतले आणि इमारतीच्या लिफ्टमध्ये झालेल्या अपघातात त्यांचा मृत्यू झाला. ते ६३ वर्षांचे होते. सकाळी काम, संध्याकाळी काम आणि घराच्या उंबरठ्यापाशी शेवट. आजारपण नाही, निरोप नाही. मरणाचा दिवस आणि घटका आपल्याला ठाऊक नसते, हे आपण वारंवार ऐकतो. वसंतरावांच्या बाबतीत एवढेच म्हणता येते की ती घटका आली तेव्हा ते आपल्या कामावरून परतत होते.

आपल्यासाठी

बंधुभगिनींनो, वसंतरावांचे चरित्र आम्हाला या पानावर द्यावेसे वाटले, त्याचे एक कारण आपल्याच चर्चमध्ये आहे. वसंतराव समूहासाठी चाली बांधत होते त्याच दशकात दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने (१९६२–६५) उपासनेत लोकभाषेला स्थान दिले. मिस्साविधीत आपण मराठीत गाऊ लागलो ते त्यामुळे. त्यामागची इच्छा ही होती की जमलेल्या सर्वांनी उपासनेत भाग घ्यावा. पण आज आपल्याकडे काय होते? गायनवृंद गातो आणि आपण ऐकतो. गाणे छान झाले की नंतर अंगणात कौतुक करतो. कधी कधी चालच इतकी वर चढते की मागच्या बाकावरच्या आजींना ओठ मिटून घ्यावे लागतात.

आपल्या गायनवृंदातील मुलामुलींची मेहनत आम्ही पाहतो आणि तिची आम्हाला कदर आहे. त्यांच्या तयारीविना सामान्य माणसाला सूर सापडणार नाही. वसंतरावांनी तरी दुसरे काय केले? बारा वर्षे ते मोठ्यांच्या हाताखाली शिकले, उस्तादांबरोबर बसले आणि मिळवलेले सारे ज्ञान ज्यांना गाता येत नाही त्यांच्या पायरीशी आणून ठेवले. सामान्यांच्या गळ्याला पेलेल अशी चाल बांधायला जाणकारच लागतो.

तेव्हा पुढच्या रविवारी प्रवेशगीत सुरू झाले की गीतांचे पुस्तक उघडावे. सूर थोडा इकडेतिकडे झाला तरी चालेल. गायनवृंदानेही एखादे गीत असे निवडावे, आणि अशा पट्टीत धरावे, की मागच्या बाकावरच्या आजीही त्यात सामील होतील. सहा कैद्यांसाठी बांधलेली प्रार्थना आज साऱ्या देशाच्या मुलांना म्हणता येते. मग आपल्या देवळातले गीत आपल्या सर्वांना का म्हणता येऊ नये?